चाळीस बाय तीस बाय वीस

बॅग भरावी तर कातिंकानंच. तिकडे परदेशात, तोरिनो शहरात, कामाला गेलेल्या आपल्या गावाकडच्या कुठल्याही बाईला विचारा. घरी जायचं ठरलं की तिकिटाच्या आधी कातिंकाला फोन. कारण विमान स्वस्तातलं, आणि स्वस्तातल्या विमानात फुकट काय, तर एकच बॅग, सीटखाली सरकवायची, चाळीस बाय तीस बाय वीस सेंटिमीटर. विमानतळावर तो लोखंडी पिंजरा ठेवलेला असतो बघा, त्यात बॅग बसली तर बसली, नाही बसली की चारचौघांत शोभा. बायका रडतात तिथे, खरंच, सॉसेज कवटाळून रडतात. आणि कातिंकाची बॅग? लोण्यात सुरी जावी तशी आत. पिंजऱ्याला खरचटायचीसुद्धा नाही.

हॉटेलच्या धुलाईत अकरा वर्षं चादरी, उशांचे अभ्रे, टॉवेल, नुसत्या घड्या घालायच्या, मग हात बसणारच ना! कपड्यांची घडी नाही घालायची, म्हणायची, वळकटी करायची. मोजे बुटात, सॉसेज मोज्यात. जाड कोट अंगावर, कोटाच्या अस्तरात पायजमा. हवा काढून घेणाऱ्या त्या प्लास्टिकच्या पिशव्या असतात ना, त्यात स्वेटर कोंबायचे आणि तोंड लावून हवा ओढायची, स्वेटरची पोळी होते पोळी! एका ईस्टरला तर तिनं आख्खं कोकरू नेलं होतं. कापून, चपटं करून, दोन टॉवेलांच्या मध्ये. शेजारच्या सीटवरच्या माणसाला पत्ता नाही.

पण या खेपेला तिला न्यायची होती आई. आणि आई काही वळकटी करून बुटात घालता येत नाही.

झालं होतं असं, की कातिंकाचा मातेई नऊ महिन्यांचा, नवरा सांदू ट्रक चालवतो, आठवड्यातून दोन दिवस घरी आला तर आला. पाळणाघरात जागा नाही. आणि हॉटेलची मुकादमीण म्हणालेली, सोमवारी कामावर उभी राहिलीस तर ठीक, नाहीतर तुझ्या जागेवर एक पोरगी तयार आहे, तिला मूल नाही. म्हणजे विचार करा. सणाच्या सुटीत सांदू घरी होता, मातेईला त्याच्यावर सोपवून कातिंका नव्या वर्षाला गावी आली ती आईला उचलायलाच. ईस्टरपर्यंत ये गं, एवढंच म्हणाली होती. कुठल्या वर्षीचा ईस्टर, ते मात्र बोलली नाही.

साफ्ता, म्हणजे तिची आई, अडाणी असेल पण बावळट नव्हती. चुलीपुढे बसून कणसं सोलत होती. मान वर न करता म्हणाली, "येते की. पण माझं गाठोडं येणार. गाठोडं नाही तर मी नाही."

"कुठलं गाठोडं?"

"कुठलं काय? कपाटातलं. मी जाईन तेव्हाचं."

ते गाठोडं गावातल्या प्रत्येक म्हातारीकडे असतं. नवरा गेला की बाई दुसऱ्या दिवसापासून आपल्या तयारीला लागते. साफ्ताच्या गाठोड्यात काळा लोकरी घागरा, काळ्या-निळ्या टाक्यांनी भरलेलं पोलकं, लोकरीचे मोजे, नवे बूट, डोक्याचा रुमाल, खांदा देणाऱ्यांना बांधायचे टॉवेल, मेल्यावर पलीकडच्या वाटेवरच्या नाक्यांवर द्यायला पुरचुंडीत नाणी, आणि स्वतःच्या उंचीएवढी मेणवात, सापासारखी वेटोळी करून. सगळं कोरं. अंगाला एकदाही लावायचं नाही, लावलं की ते रोजचं होतं, मग देवापुढे जायला चालत नाही. त्या पोलक्याला साफ्ताचे दोन हिवाळे गेले होते. बाह्यांवर रिकामी जागा बोटभरसुद्धा नव्हती.

"आई, तिकडे सगळं मिळतं गं."

"तिकडे मेले तर मला कशात गुंडाळशील? हॉटेलच्या चादरीत? वर हॉटेलचं नाव छापलेलं असेल! देव म्हणेल, बाई, तुमची खोली कितवी?"

कातिंकाला हसू आलं, पण सोमवार डोळ्यांपुढे होता. तिनं सरळ हात वर केला. "मातेईची शपथ. तुझं गाठोडं विमानात बसणार. कुणाला सांगतेस? कातिंकाला सांगतेस?"

शपथ घ्यायला काय जातं? बॅग भरायला बसली तेव्हा कळलं काय जातं ते.

त्या दिवशी पाण्याचा सण होता. सगळं गाव चर्चच्या अंगणात थंडीत उभं, हातात बाटल्या, कॅन, किटल्या, फादरनी मंतरलेलं पाणी घ्यायला. साफ्ताही गेलेली. घरात कातिंका एकटी आणि पलंगावर दोन बॅगा. एक तिची, एक आईची. तोरिनोच्या बायकांनी सांगितलेलं सामान बाजूला रचलेलं: हिच्यासाठी धुरावलेली चरबी, तिच्यासाठी मेंढीचं चीज झाडाच्या सालीत भरलेलं, सांदूसाठी सॉसेज, हातभर लांब. आणि मधोमध ते गाठोडं, लाल भोपळ्याएवढं. बूटच केवढे जड! कोण मेलेली बाई चालत जाते? कातिंकानं घागऱ्याची वळकटी केली, पोलकं बुटात कोंबलं, मेणवात बॅगेच्या कडेनं फिरवली, चेनवर गुडघा ठेवला. चेन अर्ध्यावर अडली. पुन्हा काढलं, पुन्हा भरलं. पुन्हा अडली. हिच्या आयुष्यात चेन अडली नव्हती कधी! सगळं उपसून तिनं परत गाठोडं बांधलं. घाम फुटला, खिडकीला बर्फ आणि हिच्या कपाळाला घाम.

तेवढ्यात दार न वाजवता औरिका आत. शेजारच्या झांफिराची सून. डोळे सुजलेले, गुडघ्यापर्यंत बर्फ.

"कातिंका, सासू गेली गं. पहाटे."

"अरेरे. देव तिला क्षमा करो."

"देव करेल गं, पण तिला घालू काय? एक कपडा करून ठेवलेला नाही! म्हणायची, मी नाही मरत इतक्यात, साफ्ता मेल्याशिवाय तर नाहीच. आणि आज सण, उद्याही सण, शहरातली सगळी दुकानं बंद. कपाटात बघितलं तर एक सुताचा गाऊन, त्यावर अस्वल काढलेलं. माझ्या जावेनं पाठवलेला. अस्वल घालून पाठवू का सासूला?"

कातिंका औरिकाकडे बघत होती. मग गाठोड्याकडे बघितलं. मग बॅगेकडे. खरं सांगायचं तर तिला विचार करावाच लागला नाही. चादरीची चार टोकं जुळतात तसं सगळं आपोआप जुळलं.

"हे घेऊन जा."

औरिकानं कापड उलगडलं आणि तोंडावर हात ठेवला. "हे तर साफ्ताकाकूंचं! अगं, मला फाडून खातील त्या! अक्रोडाच्या झाडावरून आमच्या म्हातारीशी बावीस वर्षं बोलल्या नाहीत, आणि मी त्यांचं पोलकं..."

"कळतंय कुणाला? परवा सकाळी आम्ही विमानात. तुमचं दफन दुपारी. आई तुमच्या दारात येते थोडीच?"

"आणि पुढे तुझ्या आईला?"

"पुढचं पुढे. तिकडे दुकानांना सण नसतो."

औरिकानं गाठोडं उराशी धरलं. पण फुकट घ्यायला जीव होईना, नडलेली असली तरी सुनेला मान असतो. धावत गेली आणि नाताळच्या डुकराची धुरावलेली तंगडी घेऊन आली. कातिंकानं हातानं अंदाज घेतला. तंगडी आईच्या बॅगेत अशी बसली, जणू ती बॅग डुकराच्या मापानंच शिवली होती.

राहिला आईचा प्रश्न. त्यालाही उपाय होताच की! कातिंकानं आईचे दोन जुने घरातले झगे घेतले, विटलेले, कोपरावर विरलेले. गाठोड्याचंच फुलाफुलांचं फडकं औरिकाकडून परत मागून घेतलं होतं, त्यात ते बांधले. प्लास्टिकच्या पिशवीत घातलं, तोंड लावलं, हवा ओढली. भाकरीसारखं चपटं, दगडासारखं घट्ट. ठेवलं तंगडीच्या शेजारी.

साफ्ता आली ती दोन लिटरची बाटली घेऊन, मंतरलेलं पाणी.

"हे मातेईला."

"आई, पाणी चालत नाही विमानात."

"नळाचं नाही गं, देवाचं आहे."

"देवाचं असलं तरी पाणीच ना!"

"बरं, मग मनुक्याच्या जॅमची बरणी?"

"बरणी पण नाही! किती वेळा सांगू? बरणी दिसली मशिनमध्ये की तो माणूस बॅग उघडतो, आणि सगळ्यांसमोर एकेक वस्तू बाहेर काढून मांडतो. चड्ड्यांसकट!"

"सगळ्यांसमोर?"

"सगळ्यांसमोर."

"बाई बाई," साफ्ता म्हणाली, आणि बाटली खाली ठेवली. मग तिची नजर त्या चपट्या पिशवीवर गेली. तिनं प्लास्टिकवरून बोट फिरवलं. "एवढुसं झालं? गुदमरतील गं आत."

"उघडू नकोस हां! एकदा हवा शिरली की परत बसायचं नाही."

"नाही उघडत." साफ्तानं प्लास्टिकवर हात ठेवला, बाळाच्या पाठीवर ठेवतात तसा, आणि चक्क कातिंकाच्या डोक्याचा मुका घेतला. "हुशार माझी पोर. मला वाटलं होतं, फसवशील."

कातिंकाला आत जरासं टोचलं. पण जरासंच. मेलेल्या बाईला कपडा कुणाचा ते कळत नाही, आणि जिवंत बाईला नऊ महिन्यांचं पोर सांभाळायचंय, हिशेब सरळ होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी साफ्तानं काळा रुमाल बांधला आणि शाल घेतली.

"कुठे?"

"झांफिराकडे."

कातिंकाच्या हातातला कप तिथेच थांबला. "तिच्याकडे? अगं, ती तुला चेटकीण म्हणायची! अक्रोड चोर म्हणायची!"

"मी पण तिला म्हणायचे. म्हणून तर जायला हवं. भांडण मातीत घेऊन गेली तर तिकडेही तीच शेजारीण मिळेल मला. क्षमा मागून येते, देऊन येते. मग मोकळी."

"बाहेर घसरडं आहे. पाय मोडेल. उद्या विमान आहे!"

"पाय विमानाचा मोडत नाही ना?"

"आई, फादर येऊन गेलेत, आता कुणी नसेल तिकडे!"

"झांफिरा असेल की. ती कुठे जातेय?"

आणि गेलीसुद्धा. कातिंका कोट अर्धा घालत मागून धावली. कुंपणाच्या एका बाजूनं दुसऱ्या बाजूला जायचं, किती तो रस्ता! अक्रोडाच्या झाडाखालून साफ्ता ताठ मानेनं गेली, बावीस वर्षांत पहिल्यांदा.

आत ही गर्दी. पुढच्या खोलीत टेबलावर झांफिरा, पाय दाराकडे, डोक्याशी मेणबत्त्या. कोपऱ्यात पुरुष पत्ते कुटत बसलेले, दारूची बाटली फिरतेय, कुणीतरी झांफिरानं पोस्टमनला बादलीनं कसं झोडलं होतं ते सांगत होतं आणि सगळे खो खो हसत होते. आपल्याकडे मेलेल्याला एकटं आणि उदास ठेवत नाहीत. साफ्ता दारात आली आणि हसू विझलं. आणि ते काही भांडणामुळे नव्हतं. कातिंकानं एकेकाचं तोंड बघितलं आणि ती दारातच थबकली.

कारण सगळ्यांना माहीत होतं. अख्ख्या गावाला! दर उन्हाळ्यात साफ्ता ते गाठोडं सोडायची आणि एकेक कपडा कुंपणावर उन्हात घालायची, कसर लागू नये म्हणून, आणि थोडं लोकांनी बघावं म्हणूनही. रस्त्यानं जाणारी बाई थांबून बाह्यांवरचे टाके बघायची. पोलकं सगळ्या गावाच्या ओळखीचं होतं. अकरा वर्षं तोरिनोत घड्या घालणारीला एवढं कसं आठवणार? ती उन्हाळ्यात कधी घरी आलीच नव्हती. उन्हाळ्यात हॉटेल भरलेलं असतं ना.

साफ्ता टेबलाशी गेली. बघत उभी राहिली. घागरा. मोजे. रुमाल. छातीवर ठेवलेली वेटोळी मेणवात, झांफिरा बुटकी म्हणून टोकाला वीतभर कापलेली. बाह्यांवरचे काळे-निळे टाके, बोटभरही रिकामी जागा नाही.

औरिका भिंतीला चिकटून रडत होती. "काकू, मी... कातिंका म्हणाली..."

साफ्तानं तिच्याकडे बघितलंही नाही. ती वाकली आणि झांफिराला म्हणाली, अगदी कुंपणावरून बोलावं तशी, "अक्रोड तर नेलेसच. आता हेही."

कोपऱ्यातल्या एकाला ठसका लागला. दुसऱ्यानं त्याला कोपर मारलं. हसू फुटलंच शेवटी, आधी एकाला, मग सगळ्यांना, आणि कातिंकाही हसली, सुटल्यासारखी, जरा जास्तच मोठ्यानं. तेवढ्यात साफ्ता म्हणाली, "कुणी घातलं हे? गळ्याची नाडी उलटी बांधलीय." तिनं गाठ सोडली आणि पुन्हा बांधली. बाही ओढून मनगटापर्यंत नीट केली. पोटावरची चुणी सरळ केली. घाई नाही, काही नाही. "दोन हिवाळे लागलेत याला. निदान नीट तरी घाला." कोपऱ्यातल्यांनी पत्ते खाली ठेवले. मग ती झांफिराच्या हातावर ओठ टेकून म्हणाली, "देव तुला क्षमा करो. मीही केली. तू कर."

आणि निघाली. कातिंकाच्या शेजारून गेली, तिला शाल लागली.

घरी येईपर्यंत कातिंकाच बोलत होती. "आई, मी तुला नवीन घेईन. तिकडे तयार मिळतं, लेस लावलेलं, रेशमी. तू अजून वीस वर्षं कुठे मरतेस? आणि तिला अस्वलाचा गाऊन घालणार होते गं, अस्वलाचा! पुण्य लागेल तुला. आई? ऐकतेस ना? सोमवारी मला कामावर उभं राहायचंय आई, ती बया माझी जागा दुसरीला देणार आहे. मातेईला कुणाकडे टाकू?"

साफ्तानं पलंगावरची बॅग उघडली. तंगडी बाहेर काढली, अलगद. मग ती चपटी पिशवी. प्लास्टिक फाडलं. आत हवा शिरली तसे तिचे जुने झगे हळूहळू फुगले, फडक्याची गाठ सुटली, आणि विरलेलं कोपर बाहेर आलं.

"वा," साफ्ता म्हणाली. "बसवलंस हो."

"आई..."

"तू जरा पड. दमलीस. बॅगा मी भरते."

"तू?"

"दोन दिवस बघतेय ना तुझं. आलं मला."

आणि कातिंका खरोखर पडली. तिला वाटलं, संपलं, रागावून झालं. आई होती ना ती, आयांचं असंच असतं, थोडं टाकून बोलतात आणि मग तुमची बॅग भरून देतात. बाहेर साफ्ता कपाटं उघडत होती, ट्रंक ओढत होती, कात्री कर्र कर्र चालली होती. एकदा बाहेरचं दार वाजलं. ती तंगडी घेऊन औरिकाकडे गेली होती, उद्याच्या जेवणात वाढायला, झांफिराच्या नावानं. पण हे कातिंकाला नंतर कळलं.

सकाळी दोन्ही बॅगा दाराशी. कातिंकानं आपली उचलून बघितली. चौकोनी, गच्च, कोपरे कसे भरलेले, चेन सरळ. तिच्या तोंडातून शिट्टीच निघाली. "आई! हे तर माझ्यासारखं झालंय! बघू काय भरलंस?"

साफ्तानं तिच्या हातावर चापट मारली. "उघडू नकोस. एकदा हवा शिरली की परत बसायचं नाही."

कातिंका इतकी हसली! म्हणजे आई थट्टा करतेय, म्हणजे सगळं ठीक आहे!

चुलतभाऊ त्वादेरनं गाडीनं सोडलं. साफ्ता पुढे बसली, काळा कोट, मांडीवर आपली बॅग. रस्त्यात झांफिराच्या घरापुढे फादरची गाडी उभी दिसली. तिनं छातीवर क्रॉस काढला. शहरात शिरल्यावर काचेतून दुकानांकडे बघत होती, शटर वर जात होती एकेक. कातिंका मागून सांगत होती, मातेईला उजव्या कुशीवर झोपवायचं, सूप कोमट द्यायचं, हीटर किती ठेवायचा. साफ्ता हूं हूं करत होती.

विमानतळावर तो पिंजरा दाराशीच. कातिंकानं बॅग वर धरली आणि सोडली. सुर्रकन आत. चारही बाजूंनी सारखी. मागे उभ्या दोन बायका बघतच राहिल्या, आणि त्यातली एक तोरिनोचीच निघाली, व्हेरोना नावाची, मागच्या खेपेला पिंजऱ्यापुढे रडलेली. "तू माणूस आहेस की मशीन गं?"

"आईनं भरलीय," कातिंका म्हणाली, आणि खरं सांगतो, तिला अभिमान वाटला.

"तू हो पुढे," साफ्ता म्हणाली. "मला जाऊन यायचंय. विमानातल्या मोरीत मी बसणार नाही."

"लवकर ये. पास कोटाच्या खिशात आहे, पिनेनं लावलाय."

कातिंका पुढे गेली. कोट काढला, बूट काढले, बॅग पट्ट्यावर ठेवली. बॅग मशिनमध्ये गेली, थांबली, मागे आली, पुन्हा आत गेली. मशिनमागचा तरुण पोरगा उठला.

"मॅडम, बॅग तुमची? आत बरणी दिसतेय."

"माझ्या बॅगेत? बरणी?" कातिंका हसली. "शक्यच नाही. मी लोकांना शिकवते."

त्यानं चेन ओढली. वरच बरणी, मनुक्याचं जॅम, एका झबल्यात गुंडाळलेली. त्यानं जॅम कचऱ्याच्या डब्यात टाकलं, खण्णकन. झबलं टेबलावर ठेवलं. पिवळं, गळ्याला बदकं. कातिंकानं ओळखलं. तिच्या बाप्तिस्म्याचं. मग त्यानं पुढची वस्तू काढली, त्याला पुरतं बघायचंच होतं, कामच होतं त्याचं. लहानसे बूट, एकाचा बंद तुटलेला. शाळेचा निळा ॲप्रन, पांढरी कॉलर. दात पडलेली बाहुली. पहिलीतलं बक्षिसाचं पुठ्ठ्याचं फूल. लग्नात डोक्यावर घातलेली मेणाच्या फुलांची माळ. ती पंधरा वर्षांची असताना कापलेली तिची वेणी, लाल रिबिनीसकट. उंची मोजायची खूण असलेली दाराच्या चौकटीची पट्टी, आख्खी, खिळ्यांसकट उपटून तीन तुकडे केलेली. सांदूची सॉसेज नव्हती. चीज नव्हतं, चरबी नव्हती. तळाशी फोटो होता, जेवणाच्या टेबलावर असतो तो, तिघांचा. कातिंका तेवढी होती. कडा कात्रीनं सरळ कापलेली. तिच्या खांद्यावर बापाची चार बोटं राहिली होती, पुढे काही नाही.

घरात तिचं म्हणून जे जे होतं ते सगळं. एकूण एक. चाळीस बाय तीस बाय वीसमध्ये.

तिनं मागे बघितलं. तपासणीच्या दोरीबाहेर, साफ्ता त्वादेरच्या शेजारी उभी. तिची बॅग हातात लोंबत होती, रिकामी, पोट आत गेलेली.

"आई!" सगळी रांग वळून बघायला लागली. "आई, ये ना! विमान सुटेल!"

"तू हो पुढे," साफ्ता म्हणाली. ओरडली नाही, पण कुंपणावरून बोलायची सवय होती, स्पष्ट ऐकू आलं. "आज दुकानं उघडलीत. मला कापड घ्यायचंय, आणि काळा दोरा. बरं झालं तू आणलंस शहरात. बॅगही आहे."

"मातेईला कोण बघणार? सोमवारी..."

"ज्याची शपथ घेतेस, त्याला तूच बघ."

त्वादेर खाली बघत होता. साफ्तानं कोटाच्या खिशातली पीन काढली, पासची घडी घातली, मग त्या घडीची घडी घातली, आणि बॅगेत टाकली. मग वळली. दुकानं गाठायची घाई असलेल्या बाईसारखी भराभरा गेली.

"मॅडम, भरा आता," तो पोरगा म्हणाला. "लाइन थांबलीय."

कातिंकानं झबल्याची वळकटी केली. बूट कोपऱ्यात, बुटात बाहुली. ॲप्रन चपटा. पट्टीचे तुकडे कडेला. वेणी गोल करून मध्ये. चेन अर्ध्यावर अडली. काढलं, पुन्हा भरलं, बाहुली आडवी केली, माळ चिरडली, मेणाची फुलं हातात तुटली. बॅगेवर गुडघा ठेवला. पुन्हा अडली. मागून कुणीतरी म्हणालं, अहो बाई, आमचंही विमान आहे. फोटो वाकत नव्हता. कातिंका आता रडत होती, तोंड उघडं टाकून, आणि वळकट्या करत होती.

"अगं," मागून व्हेरोना म्हणाली, आणि तिच्या आवाजात असा काही आनंद होता की काय सांगू, "तुला पण बसवता येईना?"